यंत्र 'नाही' म्हणालं तर? नागरिकाचा हक्क राखणारी ओळखव्यवस्था कशी असावी

माळरान

गेल्या महिन्यात आईला घेऊन गावातल्या रेशन दुकानात गेले होते. शिधापत्रिकेवर नाव असलेल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली पाहिजे, असा निरोप आला होता. आई ७१ वर्षांची. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपलं, ज्वारी काढली, तुरी कापल्या. पेरांवरच्या रेषा झिजून गेल्यात. उजवा अंगठा ठेवला, डावा ठेवला, मग एकेक करत सगळी बोटं. दुकानदार भला माणूस. त्याने ओल्या फडक्याने तिची बोटं पुसली, स्वतःच्या हाताने दाबून धरली. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर दर वेळी तेच, जुळत नाही. शेवटी आई हळूच म्हणाली, "माझीच बोटं हायती की गं ही."

तिथून तालुक्याच्या आधार केंद्रात. दोन फेऱ्या, दोन्ही वेळा अख्खा दिवस मोडला. ठसे नव्याने घ्यायचे तर तेही नीट उमटेनात. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत, आणि तिथून परत दुकानात. मला कोणाची तक्रार करायची नाही, तिघंही जमेल तेवढं करत होते. पण येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. दुकानदार आईला तीस वर्षं ओळखतो. माझ्या लग्नात पंगतीला होता. तरी "ही बाई तीच आहे, मी ओळखतो, हिचं नाव राहू द्या" असं लिहून द्यायचा अधिकार त्याला नाही, केंद्रचालकाला नाही, पुरवठा शाखेतल्या लिपिकालाही नाही. निर्णय घेणारा माणूसच त्या साखळीत कुठे ठेवलेला नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीचं काम करते. सगळं सुरळीत असताना काय होतं हे तपासायला आम्हाला वेळ लागत नाही. वेळ जातो तो बिघडल्यावर काय होतं ते पाहण्यात. नेट गेलं, माहिती अर्धवट आली, माणसाने भलतंच बटण दाबलं. अशा वेळी वापरणारा अडकून पडला तर दोष आमचा धरतात. देशाच्या ओळखव्यवस्थेला हीच कसोटी लावावी असं मला मनापासून वाटतं. २०१८ मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाने (यूआयडीएआय) सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की सरकारी सेवांसाठीची पडताळणी १०० पैकी ८८ वेळा यशस्वी होते. उरलेल्या १२ वेळांत काही जण पुन्हा प्रयत्न करून पार पडत असतील. काही माझ्या आईसारखे असतात.

आधार बंद करा असं मी म्हणत नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिला गेला. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना एक ओळख मिळावी, हा तेव्हाचा शब्द होता आणि तो शब्द मला आजही मोलाचा वाटतो. म्हणून विचारते: आज कोऱ्या कागदावर ही व्यवस्था आखायची असती तर तुम्ही काय काय अट घातली असती? माझ्या दोन सांगते. नकार मिळाला की त्याची कारणासह, तारखेसह लेखी पोच हातात मिळाली पाहिजे. आणि त्याच खिडकीवर एका माणसाला "आधी लाभ द्या, चौकशी मागाहून" म्हणायचा अधिकार हवा, त्याबद्दल उत्तर द्यायची जबाबदारीही त्याचीच.

तुमचे अनुभवही लिहा. कायदा जाणणाऱ्यांनी चुका दाखवाव्यात.

पूर्वभाग

आमच्याकडे सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचं हेच. दिवसभर पान कात्रायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. बोटांची टोकं गुळगुळीत होतात. पेन्शनचा अंगठा लागतो की नाही या काळजीने आमच्या आत्याला दर महिन्याला आदल्या रात्री झोप नसते. मीठ-पाण्यात बोटं बुडवून ठेवते बिचारी. कोणी सांगितलं माहीत नाही.

पाणवठा

माळरानताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. तरी मी दुसरी बाजू मांडणार आहे, कारण ती या धाग्यावर हरवू नये.

मी १९९० च्या दशकात गावाकडे वाढलो. एका घरात तीन शिधापत्रिका, मेलेल्या माणसांच्या नावावर साखर-रॉकेल, आणि ज्याला खरंच गरज त्याला "कोटा संपला". तेव्हा माणूस माणसाला ओळखत होता, म्हणूनच हे चालायचं. ज्याची ओळख त्याला धान्य. वस्तीबाहेरच्याला, पारध्याला, नवऱ्याने टाकलेल्या बाईला नाही. "मी ओळखतो" म्हणायचा अधिकार ज्यांच्या हातात होता त्यांनी तो कसा वापरला हे आपण विसरायला नको. यंत्राला जात दिसत नाही.

शिवाय बीडचा ऊसतोड कामगार सहा-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात असतो. पूर्वी त्याचं रेशन गावीच राहायचं. आता 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे तो जिथे आहे तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो, आणि त्याच्यामागे आधारचीच पडताळणी आहे. ही छोटी गोष्ट नाही.

माळरान

पाणवठा, "मी ओळखतो" या अधिकाराबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. खरं आहे. माझ्या आईला दुकानदार ओळखतो म्हणून मला ते सोपं वाटलं. ज्याला कोणी ओळखत नाही किंवा ओळख द्यायची कोणाची इच्छा नाही, त्याचं काय, हे मी पाहिलंच नव्हतं. अट बदलते: तो अधिकार एका माणसाच्या मर्जीवर नको. त्याने 'हो' म्हटलं तरी नोंद, 'नाही' म्हटलं तरी नोंद, आणि 'नाही' म्हटलं तर आपोआप वरच्याकडे अपील.

एक मात्र विचारते. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांच्यासाठी परिचयकर्ता (ओळखीची हमी देणारा माणूस) नेमून आधार द्यायची सोय होती. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून जे उत्तर आलं त्यात तोवरच्या ८३ कोटींहून अधिक क्रमांकांपैकी जेमतेम २ लाख १९ हजार लोकांनी त्या मार्गाने आधार घेतल्याचं दिसलं. म्हणजे दहा हजारांत तिघं. बाकी सगळ्यांकडे आधीचा कुठला ना कुठला कागद होताच. 'पहिली ओळख' हे बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरलं नाही. ज्या तिघांच्या बाबतीत ठरलं, त्यांच्यासाठी ती लाखमोलाची आहे हेही मान्य.

सनद

नाशिकला वकिली करते, बहुतेक कामं निवृत्तिवेतन आणि रेशनची. थोडं लांब लिहिते, कारण या विषयात लोकांना निकाल अर्धा माहीत असतो.

प्राधिकरण स्थापन झालं जानेवारी २००९ मध्ये, एका अधिसूचनेने. कायदा नव्हता. त्याला कायद्याचा पाया देणारं २०१० चं विधेयक यशवंत सिन्हा अध्यक्ष असलेल्या संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये नापसंत केलं. तरी नोंदणी चालूच राहिली. कोट्यवधी लोकांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेऊन झाल्यावर मार्च २०१६ मध्ये कायदा आला, तोही धन विधेयक म्हणून, त्यामुळे राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेला फेटाळता आल्या. कोऱ्या कागदावर आखायचं असेल तर माझी पहिली अट हीच: आधी कायदा, मग ठसे. घर बांधून झाल्यावर पायाचा नकाशा काढत नाहीत.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. हा खटला आधारच्याच निमित्ताने उभा राहिला होता, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली होती. मग २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल. चार विरुद्ध एक मताने कायदा टिकला, पण छाटला गेला. बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती गेली. खासगी कंपन्यांना पडताळणीची दारं उघडणारा कलम ५७ चा भाग गेला. पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवायची तरतूद सहा महिन्यांवर आली. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं झालं. पॅन आणि सरकारी लाभ यांच्यासाठी मात्र सक्ती कायम राहिली. न्या. चंद्रचूड यांनी एकट्याने वेगळं मत लिहून सगळा कायदाच घटनाबाह्य ठरवला. ते अल्पमत आपल्याकडे कागदावर राहिलं, पण २०१९ च्या एप्रिलमध्ये जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला राष्ट्रीय ओळख कायदा रद्द करताना त्याचाच मोठा आधार घेतला.

आता माळरान, तुमच्या आईंच्या मुद्द्यावर येते. सरकारी लाभांसाठी आधार मागण्याची मुभा देणाऱ्या कलम ७ मध्ये परंतुक आहे: ज्याला आधार क्रमांक मिळालेलाच नाही त्याला ओळखीचा दुसरा, व्यवहार्य मार्ग द्यायचा. शब्द नीट वाचा. 'क्रमांक मिळालेला नाही.' आईंना क्रमांक मिळालेला आहे. फक्त बोटं जुळत नाहीत. कलमाच्या शब्दांत त्या बसत नाहीत! अंगठा न जुळणाऱ्याला नाकारू नये हे कुठे आहे, तर प्राधिकरणाच्या पडताळणीच्या विनियमांत पर्यायी व्यवस्था ठेवायला सांगितली आहे तिथे, ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने आणि केंद्राच्या अन्न विभागाने काढलेल्या पत्रांत, आणि पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवणार नाही या, केंद्राची बाजू मांडणाऱ्या महान्यायवाद्यांच्या न्यायालयातल्या आश्वासनात. देशातल्या सगळ्यात झिजलेल्या हातांचा हक्क परिपत्रकात राहतो आहे. परिपत्रक दुकानापर्यंत पोचतंच असं नाही. हे कलमातच यायला हवं.

शिधावाटप

मी रेशन दुकानदार आहे. बावीस वर्षं झाली. आमच्याविषयी बोललं जातं ते सगळं ऐकून आहे, पण आज आमची बाजूही घ्या.

मशीन आल्यापासून मला एक फायदा झाला: माझ्यावर कोणी संशय घेत नाही. पावती निघते, किती किलो ते मशीन बोलून सांगतं. पूर्वी साठ्यात दोन किलोचा फरक आला तरी गावात चर्चा व्हायची. मशीन नको म्हणणारा दुकानदार मी नाही.

पण अंगठा लागला नाही तर माणूस माझ्याकडे बघतो, मशीनकडे बघत नाही. शिव्या मला. नेटवर्क नसतं तेव्हा मी मशीन घेऊन टाकीपाशी जाऊन उभा राहतो, मागे वीस माणसं. घरातल्या एकाचा अंगठा लागला तरी सगळ्या घराचं धान्य निघतं, म्हणून जिथे चार माणसं आहेत तिथे भागतं. अडतं कोणाचं? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं. अंत्योदयची ३५ किलो उचलणारी एकटी बाई आणि तिचाच अंगठा लागत नाही, अशा माझ्याकडे चार आहेत. त्या चौघींसाठी मी दर महिन्याला पुरवठा निरीक्षकांना फोन करतो. ते चांगले आहेत म्हणून होतं. त्यांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

ताईंनी म्हटलेला अधिकार मला मिळाला तर मी घेईन, पण माझ्या एकट्याच्या सहीवर नको. उद्या चौकशी लागली की परवाना माझा जाणार. ग्रामपंचायतीचा एक सदस्य, अंगणवाडीताई किंवा आशाताई यांची दुसरी सही असावी. त्या घराघरांत जातात.

पाणवठा

शिधावाटप, दोन सह्यांची कल्पना पटली. त्यात एक बाई असावी ही अट घालू. 'ज्याची ओळख त्याला धान्य' हा माझा आक्षेप त्याने बराच कमी होतो.

बँकमित्र_लातूर

मी बँकेचा ग्राहक सेवा बिंदू चालवतो. अंगठ्यावर पैसे काढून देतो. या धाग्यावर अंगठा न लागण्याची गोष्ट चालली आहे, मला भलत्याच माणसाचा अंगठा लागण्याची भीती वाटते. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवर ठसे असतात. त्या प्रतींवरून रबराचे ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे वेगवेगळ्या राज्यांत नोंदले गेले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण गंमत नाही, अडचण सांगतो: लॉक केलं की रेशनचाही अंगठा बंद होतो. कुलूप एकच. म्हातारी माणसं लॉक उघडायला मोबाइल कुठून आणणार? बँकेचं कुलूप वेगळं आणि रेशनचं वेगळं, असं असायला पाहिजे होतं.

डॅन्यूबकाठ

बँकमित्र, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन झालो. मी बारा वर्षं व्हिएन्नात राहतो आणि इथे नेमकं हेच केलेलं आहे.

ऑस्ट्रियात रहिवाशांची मध्यवर्ती नोंदवही आहे. प्रत्येकाचा त्यात एक मूळ क्रमांक असतो. पण तो क्रमांक करखात्याला देत नाहीत, आरोग्यखात्याला देत नाहीत, शिक्षणखात्यालाही नाही. मूळ क्रमांक आणि त्या क्षेत्राचं संकेतचिन्ह एकत्र करून गणिती पद्धतीने एक नवा क्रमांक काढतात, आणि त्या क्षेत्रात फक्त तोच वापरतात. २००४ च्या कायद्यापासून ही रीत आहे. पिठावरून जात्यात कोणते दाणे घातले होते हे परत काढता येत नाही, तसंच हे गणित उलटं फिरत नाही. करखात्याकडची यादी आणि रुग्णालयाची यादी शेजारी शेजारी ठेवली तरी क्रमांकावरून कोणती ओळ कोणाची ते जुळवता येत नाही. एका ठिकाणची यादी फुटली तर नुकसान त्या ठिकाणापुरतं राहतं.

इथेही सगळं आलबेल नाही. सामाजिक विम्याचा जुना क्रमांक अजून चालतो आणि त्यात जन्मतारीख उघड लिहिलेली असते. आपल्या आधारचा क्रमांक त्याबाबतीत चांगला आखलाय: १२ अंकांवरून ना जन्मतारीख कळते, ना राज्य, ना जात-धर्म. शेवटचा अंक टंकनातली चूक पकडण्यासाठी, बाकीचे यादृच्छिक. हे श्रेय द्यायला हवं. रवांडात बेल्जियमच्या राजवटीत सुरू झालेल्या ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापलेलं असे, आणि १९९४ मध्ये रस्तोरस्ती अडवून तेच पत्र पाहून माणसं मारली गेली. ओळखपत्रावर काय नसावं, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे.

जर्मनीत तर १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात घटनात्मक न्यायालयाने सांगून टाकलं की स्वतःविषयीच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क नागरिकाचा आहे. नाझी काळाची आठवण असलेली माणसं तेव्हा हयात होती, याद्यांचा धसका त्यांच्या हाडात होता.

माळरान

डॅन्यूबकाठ, हे वाचून मी आपल्याकडचं शोधायला बसले. १६ अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून आपल्याकडेही आहे, मूळ क्रमांकाऐवजी तो देता येतो. शेवटचे चारच अंक दाखवणारं झाकलेलं आधारही डाउनलोड करता येतं. पण तो क्रमांक स्वतः काढायचा, स्वतः मागायचा, समोरच्याने तो घ्यायला तयार व्हायचं. गेल्या आठवड्यात मी पुण्यात घरभाड्याच्या करारासाठी झाकलेली प्रत दिली, तर दलालाने "हे चालत नाही, पूर्ण द्या" म्हणून परत केली. हॉटेलात, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे पूर्ण प्रत. आपल्या झेरॉक्स कुठे कुठे पडल्या आहेत याचा हिशोब कोणाकडे असेल? ऑस्ट्रियात संरक्षण रचनेतच आहे, आपल्याकडे ते नागरिकाने पाठपुरावा करून मिळवायचं आहे. मी संगणकात काम करते म्हणून मला जमलं. आईला कसं जमणार?

खडूफळा

जि. प. शाळेत शिक्षक आहे. निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही म्हटलंय, आणि आम्ही कोणालाच प्रवेश नाकारत नाही. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरवताना, आधार-पडताळणी झालेली पोरं धरायची म्हटल्यावर काय होतं ते बघा. पट ६२, आधार जुळलेली ५५. उरलेल्या सातांत काहींच्या नावात काना-मात्रेचा फरक, काहींच्या जन्मतारखेत फरक, दोघांचं आधारच नाही कारण जन्मदाखला नाही. त्या सात पोरांमुळे शिक्षकाचं पद धोक्यात. मग शनिवार-रविवार मी पालकांना गाडीवर बसवून केंद्रावर नेतो. पोरगं रोज वर्गात माझ्यासमोर बसतं, पाढे म्हणतं, आणि पोर्टलवर ते नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, मग पाचव्या आणि पंधराव्या वर्षी घ्यावे लागतात. त्यात एखादं अपडेट राहिलं की शिष्यवृत्ती अडते. आधार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आधार रद्द करायचा हक्क दिलाय असं वाचलं. माझ्या एकाही माजी विद्यार्थ्याला हे ठाऊक नाही. सनदताई, हे खरं आहे ना?

सनद

खरं आहे. पण रद्द केल्यावर कलम ७ चे लाभ कसे घ्यायचे हा प्रश्न उरतोच, म्हणून तो हक्क वापरणारं कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही. हक्क दिला आणि वापरण्याची वाट दिली नाही, असं झालंय.

पालावरचा

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो.

माझे आजोबा तारेच्या कुंपणाआड वाढले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्खी जमात जन्माने गुन्हेगार ठरवली होती. मुंबई इलाख्यात तशा वसाहती होत्या, सोलापूरची तर मोठी. नाव रजिस्टरमध्ये, बोटांचे ठसे पोलिसांकडे, रोजची हजेरी, परगावी जायचं तर पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा उठला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आजोबा शेवटपर्यंत कुठल्याही कागदावर अंगठा द्यायला घाबरायचे. आजीने सांगितलेलं आहे, मी पाहिलेलंही आहे. म्हणून ठसे आणि रजिस्टर म्हटलं की आमच्या घरात लोक गप्प होतात.

आता दुसरं सांगतो. आज आमच्या पालावरच्या पोरांना सगळ्यात जास्त गरज त्याच कागदाची आहे. जन्म रस्त्यावर, दाखला नाही. पत्ता कुठला लिहायचा? तीन महिने एका गावच्या माळावर, मग दुसरीकडे. आधार कायद्याच्या कलम ५ मध्ये भटक्यांसाठी विशेष उपाय करायला लिहिलेलं आहे, पण केंद्रावर गेलं की पत्त्याचा पुरावा मागतात. सरकारने आमच्या आज्यांचे ठसे मागितले तेव्हा एकाचाही पत्ता विचारला नव्हता, कारण तेव्हा पकडायचं होतं. आता द्यायचंय तर पत्ता लागतो.

माझी अट एकच आहे. कोणाची नोंद कशासाठी घेतली ते कायद्यात लिहा, आणि त्याशिवाय दुसऱ्या कामासाठी ती नोंद उघडली तर उघडणाऱ्याला शिक्षा करा. पोलिसांनाही तोच नियम.

माळरान

पालावरचा, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही.

सनद

पालावरचा, तुमची अट कायद्याच्या भाषेत 'उद्देशमर्यादा'. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने, कायद्यातूनच सूट द्यायचा अधिकार दिला आहे. तुम्हाला ज्याची भीती वाटते नेमका तोच दरवाजा उघडा आहे. माझ्या मते सूट द्यायची तर न्यायाधीशाने, त्या एका प्रकरणापुरती आणि लेखी कारण देऊन द्यावी.

केनियात २०२० च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने हुदुमा नंबर या तिथल्या ओळखक्रमांकासाठी डीएनए आणि राहत्या जागेचं अचूक स्थान गोळा करायला मनाई केली. पुढच्या वर्षी, माहितीवर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन आधी केलं नाही म्हणून कार्डांचं वाटपच अवैध ठरवलं. मॉरिशसच्या न्यायालयाने २०१५ मध्ये कार्डासाठी ठसे घेणं मान्य केलं, पण ते मध्यवर्ती भांडारात साठवून ठेवणं नाही. आपल्यापेक्षा लहान देशांनी हे करून दाखवलं आहे.

पाणवठा

मॉरिशसचा मुद्दा मला पटत नाही. ठसे फक्त कार्डावर ठेवले तर एकाच माणसाने दोन नावांनी कार्ड काढलं का, हे कसं कळणार? मध्यवर्ती तुलना केल्याशिवाय दुबार नोंद सापडत नाही. आणि कार्ड हरवलं की सगळं गेलं. पुरात घर वाहून गेलेल्या माणसाला विचारा. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात लोकांचे कागद गेले, तेव्हा क्रमांक पाठ असला किंवा मोबाइल हाताशी असला तरी आधार परत काढता येत होतं.

डॅन्यूबकाठ

हा खरा पेच आहे, आणि त्याला फुकटचं उत्तर नाही. मी म्हणेन की दुबार शोधायला नोंदणीच्या वेळी एकदा तुलना करा, पण रोजच्या पडताळणीसाठी ते भांडार उघडू नका. रोजच्या कामाला कार्ड, क्यूआर किंवा दुकानात छापून ठेवलेली फोटोसह यादी पुरे. पाच किलो तांदळासाठी दर महिन्याला बुबुळ आणि बोट देशाच्या भांडाराशी ताडून पाहणं हे मोजून मापून केलेलं काम वाटत नाही मला.

शिधावाटप

फोटोची यादी पूर्वी होतीच की शिधापत्रिकेवर. कुटुंबप्रमुख बाईचा फोटो.

पूर्वभाग

+१. आत्याच्या कार्डावर अजून आहे. तरुणपणीचा.

सनद

माळरान, एवढं सगळं बोललो, आता आईंचं काम करू. अर्ज करा. तोंडी फेऱ्या बंद. तहसीलदारांच्या नावे, पुरवठा शाखेत. त्यात लिहा: कोणत्या तारखेला कोणत्या दुकानात पडताळणी फसली, कोणत्या तारखांना आधार केंद्रावर गेलात, ठसे न उमटण्याचं कारण वय आणि श्रम. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या पत्रांचा उल्लेख करा. बुबुळावर किंवा चेहऱ्यावर पडताळणी करून द्यावी, तीही न झाल्यास अपवाद म्हणून नोंद घेऊन नाव कायम ठेवावं आणि धान्य थांबवू नये, अशी मागणी करा. नाव कमी करणार असाल तर लेखी कारण द्या, असंही. एक प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली. तिथे न झाल्यास राज्य अन्न आयोग आहे. हक्काचं धान्य मिळालं नाही तर कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, तीही नमूद करून ठेवा.

शिधावाटप

आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. शिक्का मारलेली. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं होतं. दुकानदाराला सांगा, ई-पॉसवर फसलेल्या प्रयत्नाची पावती किंवा पडद्याचा फोटो असेल तर जोडायला द्यायला. माझ्याकडे कोणी मागितला तर मी देतो.

माळरान

दोघांचे आभार. काल रात्री बसून अर्ज लिहिला, सनदताईंना निरोपात पाठवलाय. सोमवारी सुट्टी टाकली आहे, आईला घेऊन तहसीलला जाते. आईचं म्हणणं पडलं की अर्जात तिचंही एक वाक्य असावं. मी म्हटलं सांग. तिने सांगितलं तसंच लिहिलंय: "मी जिवंत आहे, कामाची बोटं आहेत, दुकानदार मला तीस वर्षं ओळखतो, त्याला विचारावं."